पाठीवरचा पंप गळतो तेव्हा आत नेमकं काय होतं?

2017 च्या पावसाळ्यात यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली आणि वीसहून अधिक जण दगावले. कोणती औषधं एकत्र केली गेली, हातमोजे आणि मास्क का नव्हते, पऱ्हाटी डोक्याच्या वर गेल्यामुळे फवारा अंगावर कसा आला, यावर तेव्हापासून पुष्कळ लिहून झालं आहे. पंपाबद्दलची चर्चा मात्र बहुतेक वेळा 'चायनीज पंप' या दोन शब्दांत संपते. आज आपण त्या पंपाच्या आत जाऊ.

मी पीएच.डी.साठी रबरी सीलचा अभ्यास करतो. दोन भागांमधल्या फटीतून द्रव किंवा वायू निसटू नये म्हणून जे रबर बसवतात, ते रसायनात राहून राहून कसं बिघडतं, एवढाच माझा विषय. यात पीएच.डी. करण्यासारखं काय आहे, असं घरचेही विचारतात. तर 28 जानेवारी 1986 रोजी अमेरिकेचं चॅलेंजर अवकाशयान सात जणांसह हवेत नष्ट झालं, ते थंडीने ताठरलेल्या अशाच रबरी कड्यांमुळे. आपल्या वावरातला धोका इतका नाट्यमय नसतो. तो पाठीवरून हळूहळू ओघळतो, म्हणून तर कोणी बघत नाही.

साधा हातपंप घ्या, पंधरा-सोळा लिटरचा. दांडा वर-खाली केला की सिलिंडरमध्ये पिस्टन फिरतो. एका फेरीत खालची झडप उघडून टाकीतलं द्रावण आत येतं. दुसऱ्या फेरीत ती झडप बंद होते, पुढची उघडते आणि द्रावण दाबकोठीत ढकललं जातं. तिथली हवा दबते आणि तीच हवा द्रावणाला नळीतून नोझलपर्यंत रेटत राहते. पिस्टनवर एक वायसर किंवा ओ-रिंग असते, झडपांखाली असते, हातातल्या कट-ऑफच्या खटक्यात असते, नळीच्या जोडावर असते आणि झाकणाखालीही असते. म्हणजे तुमच्या अंगात आणि विषात जे अंतर आहे, ते बऱ्याच ठिकाणी दोन-तीन मिलिमीटर जाड रबराचं आहे.

आता ओ-रिंग पाणी अडवते कशी? ती ज्या खाचेत बसते, ती खाच मुद्दाम कमी खोल ठेवलेली असते. समजा रिंग 3 मिलिमीटर जाड आहे आणि तिला जागा आहे 2.6 मिलिमीटर. मग ती 0.4 मिलिमीटर, म्हणजे साधारण 13 टक्के, चेपून बसते. चेपलेलं रबर दोन्ही बाजूंना सतत रेटा देत राहतं, आणि या रेट्यामुळेच फट बंद होते. गंमत पुढे आहे. द्रावणाचा दाब वाढला की तो रिंगला खाचेच्या एका कडेला ढकलतो, रिंग आणखी फुगून बसते आणि फट अजून घट्ट बंद होते. दाब स्वतःच स्वतःची वाट अडवतो.

यातून एक गोष्ट निघते, जी पंप वापरणाऱ्या प्रत्येकाने पाहिलेली असते पण तिचा अर्थ लावलेला नसतो. थकलेली रिंग भर फवारणीत बऱ्याचदा नीट वागते. गळते ती सुरुवातीला, दाब चढायच्या आधी, आणि शेवटी, दांडा थांबवल्यावर. कारण तिचा मूळचा रेटा संपलेला असतो आणि ती फक्त दाबाच्या उसन्या जोरावर काम करत असते. 'चालू असताना गळत नाही, थांबल्यावर दोन थेंब येतात, चालतंय की' असं म्हणतात ना, ती रिंग मेलेली आहे असं समजा.

रबर थकतं का? इथे औषधाचा फॉर्म्युला समजून घ्यावा लागतो. बाटलीवर 'ईसी' लिहिलेलं असेल तर मूळ विष पाण्यात विरघळणारं नाही. ते एका तेलकट द्रावकात विरघळवलेलं असतं, सोबत साबणासारखा पदार्थ असतो, म्हणून पाण्यात ओतलं की दुधासारखं पांढरं होतं. रबर म्हणजे लांबच लांब साखळ्यांचं जाळं. आपल्यासारख्या स्वभावाचा द्रावक भेटला की ते त्याला आत घेतं आणि फुगतं. कोणतं रबर कशाला भुलतं हे ठरलेलं आहे. ईपीडीएम पाण्यात वर्षानुवर्षं टिकतं, पण तेलात फुगतं. नायट्राइल साध्या तेलाला दाद देत नाही, पण झायलीनसारख्या द्रावकात तेही फुगतं. फ्लोरोरबर, म्हणजे व्हायटन, या द्रावकांना बऱ्यापैकी पुरून उरतं, पण महाग असतं. दुकानात तीनही रिंगा काळ्याच दिसतात. रंगावरून सांगता येत नाही, आणि माझ्या मते सुट्या भागांच्या बाजारातली ही सगळ्यात मोठी अडचण आहे.

पाण्यात मिसळल्यावर द्रावक इतका पातळ होतो, मग रबराला काय होणार, असं वाटेल. पण रबर त्या पांढऱ्या पाण्यातून द्रावकाचे थेंब निवडून शोषतं. आणि रिकाम्या टाकीत आधी औषध, मग पाणी, असं ओतलं तर तळाच्या झडपेला काही वेळ जवळपास निखळ औषधातच बसावं लागतं. म्हणून आधी अर्धी टाकी पाणी, मग औषध, मग उरलेलं पाणी. उरलेलं द्रावण रात्रभर टाकीत ठेवणं म्हणजे रबराला रात्रभर भिजत घालणं.

खराब झालेली रिंग काढून नीट बघितली तर ती बरंच सांगते. मात्र त्याआधी दाब सोडा, टाकी रिकामी करा, साध्या पाण्याने तीनदा धुवा आणि ते पाणी विहिरीपासून, नाल्यापासून लांब वावरातच टाका. हातात नायट्राइलचे मोजे घाला. (हो, तेच रबर. मोजेही फुगतात, म्हणून तेही बदलायचे असतात.) मग रिंग नव्या रिंगेशेजारी ठेवा. मोठी झाली आहे, मऊ पडली आहे, खाचेत परत बसत नाही? द्रावकाने फुगली आहे. तीच जातीची रिंग पुन्हा टाकली तर पुन्हा फुगेल. गोल होती ती चपटी झाली आहे? चेपून चेपून परत उसळायची ताकद गेली, वरचं दोन थेंबांचं प्रकरण हेच. एका बाजूने घासल्यासारखी खरखरीत? सिलिंडरमध्ये माती किंवा पाण्यातला क्षार आहे, नुसती रिंग बदलून उपयोग नाही, टाकीच्या तोंडाची गाळणी शाबूत आहे का ते बघा. एकाच जागी स्वच्छ काप? बसवताना स्क्रू-ड्रायव्हर लागला. रिंग बोटांनी, थोडं सिलिकॉन ग्रीस लावून बसवायची. गाडीचं ग्रीस नको, ते ईपीडीएमला फुगवतं. गोडं तेल तर नकोच, ते चिकट होऊन धूळ धरतं.

तुम्ही कधी एखाद्या रिसॉर्टवर पेंटबॉल खेळला असाल, तर त्या बंदुकीत हीच यंत्रणा असते. आत बोल्ट नावाचा दट्ट्या मागे-पुढे होतो, रंगाची गोळी नळीत ढकलतो, आणि त्यावरच्या ओ-रिंगा वायू धरून ठेवतात. रिंग थकली की वायू फुसफुसतो, गोळी दमाने जात नाही. ही अवजारं मुळात जंगलात झाडांवर आणि गुरांवर खूण करण्यासाठी निघाली, खेळ 1981 मध्ये सुरू झाला. खेळणारे हौशी लोक बोल्ट बाहेर काढतात, पुसतात, ग्रीस लावतात आणि सुट्या रिंगांची डबी सोबत बाळगतात. आपल्याकडे पंप घेताना त्या डबीबद्दल कोणी विचारत नाही आणि दुकानदारही सहसा देत नाही.

बिघाड कुठे आहे हे पंप उघडण्याआधीही बऱ्यापैकी कळतं. दांडा हलका लागतो आणि दाब चढत नाही, तर पिस्टनचं वायसर गेलं आहे किंवा खालच्या झडपेत कचरा अडकला आहे. दांडा सोडला की आपोआप सरकतो, तर दाबकोठीकडची झडप नीट बंद होत नाही. ज्या पंपात सिलिंडर टाकीच्या आत असतो, तिथे पिस्टनची गळती टाकीतच पडते. बाहेर काही दिसत नाही, फक्त माणूस जास्त दांडे मारतो आणि जास्त घामाघूम होतो. सिलिंडर बाहेर असेल तर कंबर भिजते. वाकल्यावर मान आणि पाठ भिजते ते झाकणामुळे. मनगट आणि तळहात भिजतात ते कट-ऑफमुळे, आणि हातावरची गळती मला सगळ्यात वाईट वाटते, कारण त्याच हाताने माणूस घाम पुसतो, तंबाखू मळतो.

ऑर्गॅनोफॉस्फेट गटातली विषं कातडीतून आत जातात, हे इथे विसरून चालणार नाही. तोंडाला फडकं बांधलं आणि पाठ ओली राहिली, तर अर्धंच काम झालं. फवारताना खूप लाळ, घाम, डोळ्यांपुढे धूसर, स्नायू फडफडणं असं काही जाणवलं तर काम थांबवा, कपडे उतरवा, अंग साबणाने धुवा, 108 ला फोन करा आणि औषधाची बाटली दवाखान्यात सोबत न्या.

पंप दुरुस्त केला की विषबाधा संपली, असा माझा दावा नाही. इतकी जहाल औषधं इतक्या सहज मिळतात, हा प्रश्न रिंगेपेक्षा खूप मोठा आहे. शिवाय पंप असतो मालकाचा आणि पाठ असते मजुराची. गळती ज्याला जाणवते तो वायसर विकत आणत नाही, आणि जो आणू शकतो त्याची पाठ कोरडी असते. म्हणून तपासणी औषध भरायच्या आधी, दोघांच्या समोर, साध्या पाण्यावर व्हायला हवी.

ती अशी करा. टाकी पाण्याने भरून झाकण लावा आणि पंप आडवा करा, झाकणातून थेंब आला तर तिथलं रबर बदला. मग उभा करून दाब चढवा, खटका बंद ठेवून पाच मिनिटं थांबा, कोरड्या कागदाने प्रत्येक जोड पुसा, कागद कुठे ओला होतो ते बघा. शेवटी खटका उघडून दाब जवळपास उतरू द्या, परत बंद करा आणि पुन्हा पुसा. बहुतेक जण दुसऱ्या पायरीवरच थांबतात. थकलेली रिंग मात्र तिसऱ्या पायरीवर सापडते.