काडतुसातील गोळीची बैठक
काडतुसातील गोळीची बैठक : काडतुसाच्या पितळी पुंगळीच्या तोंडात गोळी जितकी आत बसविलेली असते, त्या खोलीस गोळीची बैठक म्हणतात. पुंगळी, तिच्या बुडातील टोपी, दारू व गोळी हे काडतुसाचे चार घटक होत. बैठकीत मिलिमीटरच्या काही अंशांचा फरक पडला, तरी नळीतील दाब व नेमाची अचूकता बदलू शकते. म्हणून हाताने काडतूस भरताना दारूच्या वजनाप्रमाणेच बैठकीकडेही काटेकोर लक्ष द्यावे लागते.

पूर्वपीठिका : ठासणीच्या बंदुकीत गोळी गजाने ठासून दारूवर टेकवावी लागे. मध्ये पोकळी राहिल्यास नळी फुगण्याचा वा फुटण्याचा धोका असे. डिसेंबर १८१७ मध्ये भोसल्यांच्या पदरच्या अरब शिपायांनी नागपूरच्या महाल भागात इंग्रजी फौजेस थोपवून धरले, तेव्हा दोन्ही बाजूंच्या बंदुका ठासणीच्याच होत्या व गोळीची बैठक शिपायाच्या हातावर अवलंबून होती. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात धातूच्या पुंगळीची काडतुसे रूढ झाली व बैठक यंत्राने निश्चित होऊ लागली. महाराष्ट्रात खडकी (पुणे; स्थापना १८६९) व वरणगाव (जि. जळगाव) येथील कारखान्यांत रायफलींची काडतुसे तयार होतात.

दाबावरील परिणाम : गोळी अधिक खोल बसविल्यास दारूसाठी उरणारी जागा कमी होते. दाब वाढला की दारू अधिक वेगाने जळते व त्यामुळे दाब आणखी चढतो. पिस्तुलाच्या लहान पुंगळीत हा परिणाम विशेष तीव्र असतो. रायफलीची पुंगळी मोठी असल्याने तेथे दुसरी बाबही महत्त्वाची ठरते. नळीतील मळसूत्री खाचांपर्यंत पोहोचण्यापूर्वी गोळी थोडे अंतर मोकळी धावते. गोळी इतकी बाहेर ठेवली की ती खाचांमधील उंचवट्यांना आधीच टेकते, तर ही धाव नाहीशी होते व आरंभीच्या अडथळ्यामुळे दाब वाढतो. म्हणजे बैठक फार खोल वा फार उथळ असणे, दोन्ही धोक्याचे असते. अतिदाबाने पुंगळी फाटून नेमबाजाच्या डोळ्यांस व हातांस गंभीर इजा होऊ शकते.

मापन : ७·६२ मिमी. नाटो काडतुसाची पुंगळी सुमारे ५१ मिमी. व पूर्ण काडतूस सुमारे ७१ मिमी. लांब असते, म्हणजे गोळीचा सुमारे २० मिमी. भाग बाहेर राहतो. गोळ्यांची टोके तंतोतंत सारखी नसल्याने पूर्ण लांबीचे माप फसवे ठरू शकते. म्हणून काटेकोर काम करणारे पुंगळीच्या बुडापासून गोळीच्या बाकावरील ठराविक व्यासाच्या जागेपर्यंतचे अंतर मोजतात. पुंगळीच्या मानेची पकड सैल असल्यास काडतूस कोठीत सरकताना गोळी आत ढकलली जाऊन साधलेली बैठक बिघडते. दीर्घ वापराने नळीतील खाचांचा आरंभ झिजून पुढे सरकतो. त्यामुळे एकदा घेतलेले माप कायम उपयोगी पडत नाही.

भारतात शस्त्र अधिनियम, १९५९ अन्वये परवान्यावाचून दारूगोळा तयार करणे हा गुन्हा आहे.