महाग कोयता घ्यावा कीं नाहीं?

बैल विकत घेतांना आपण त्याचे दांत पाहतों, पाय पाहतों, चार पावलें चालवून पाहतों. बियाणें घेतांना मूठभर दाणे ओल्या फडक्यांत बांधून उगवण तपासतों. पण कोयता घ्यावयाचा झाला कीं ढिगांतून एक उचलावा, अंगठ्यानें धार चांचपावी, थोडी घासाघीस करावी आणि तो पिशवींत टाकावा, अशी आपली रीत आहे. अलीकडे बाजारांत खोक्यांत घातलेलीं, म्यानासहित पातीं विकावयास येतात. त्यांची किंमत लोहाराच्या कोयत्याच्या तिप्पट-चौपट असते, आणि खोक्यावर ‘फुल टँग’ हे दोन शब्द ठळक छापलेले असतात. या दोन शब्दांसाठीं इतका पैसा मोजावा काय, याचा विचार आम्ही येथें करण्याचें योजिलें आहे.

प्रथम शब्दाचा उलगडा करूं. पात्याचा जो भाग मुठींत शिरतो त्यास इंग्रजींत टँग म्हणतात. आम्ही या लेखांत त्यास शेंपूट म्हणूं. आपल्या नेहमींच्या विळ्या-कोयत्यांचें शेंपूट अरुंद व निमुळतें असतें. तें लांकडी मुठीच्या भोंकांत ठोकतात, आणि मूठ फाटूं नये म्हणून तिच्या तोंडाशीं लोखंडी कडें चढवितात. ‘फुल टँग’ म्हणजे ज्याचें शेंपूट मुठीइतकेंच लांब व रुंद असतें असें पातें. तेथें लोखंडाच्या दोन्ही अंगांस लांकडाच्या दोन फळ्या लावून त्या आरपार रिबिटांनीं जखडतात. त्यामुळें मुठीच्या कडेनें सभोंवार लोखंडाची रेघ दिसत राहते. अशा पात्यास आम्ही अखंड पातें म्हणूं.

आतां कोयता मोडतो कोठें तें पाहूं. फांदीवर घाव घालतांना धक्का पात्याच्या पुढच्या भागास बसतो, हात मागें असतो, आणि सारा ताण मधल्या सांध्यावर येतो. रुंद पातें जेथें एकाएकीं अरुंद होतें तो खांदा काटकोनांत कापलेला असला, तर त्या कोपऱ्यांत बारीक चीर पडते. ती घावागणिक वाढते, आणि एके दिवशीं पातें निखळून पडतें. दुसरा दोष मुठीचा. लांकूड पावसाळ्यांत फुगतें आणि उन्हाळ्यांत आकसतें. असें दोन-चार वर्षें झालें कीं भोंक सैल पडतें. सैल कोयता हा बोथट कोयत्याहून वाईट समजावा. कारण बोथट कोयता काम बिघडवितो, आणि सैल कोयता शेजारीं काम करणाऱ्याच्या अंगावर जातो. अखंड पात्यांत हे दोन्ही दोष बहुतांशीं टळतात. मुठीची फळी फुटली तरी लोखंड हातांत राहतें.

इतक्यावरून अखंड पातेंच घ्यावें, असा निकाल देणें मात्र घाईचें होईल. नेपाळांतील गुरख्यांची परंपरागत खुकरी घ्या. तिचें शेंपूट अरुंद असून राळेच्या लुकणानें मुठींत बसविलेलें असतें, आणि ती लांकूड तोडण्यापासून लढाईपर्यंत सर्व कामांस पुरली आहे. जपानी तलवारीची मूठ बांबूच्या लहानशा खुंटीनें शेंपटास अडकविलेली असते. स्वीडन देशांतील मोरा गांवचे चाकू अरुंद शेंपटाचे असूनही जगभर नांवाजले गेले. कोंकणांत कमरेच्या आकडीस कोयती अडकवून माणसें जन्मभर झाडावर चढतात, तीही बहुधा साध्याच मुठीची असते. तात्पर्य, अरुंद शेंपूट हा स्वतः दोष नव्हे. खांदा गोलाई देऊन घडविला असेल, शेंपटास पाणी न देतां तें चिवट राखलें असेल आणि मूठ घट्ट असेल, तर असें हत्यार दीर्घकाळ टिकतें. उलट पोलादच वाईट असेल तर अखंड शेंपटानें धार कांहीं सुधारत नाहीं.

म्हणून किंमत मोजण्यापूर्वीं पोलादाकडे पाहावें. आपले पुष्कळ लोहार मोटारीच्या कमानपट्ट्यांतून कोयते घडवितात, आणि तो माल उत्तम असतो. त्यांत शेंकडा सुमारें अर्ध्या भागाहून थोडा अधिक कार्बन असतो, आणि त्यामुळें त्यास पाणी चढतें. पातें लाल तापवून तेलांत किंवा पाण्यांत बुडविलें म्हणजे तें कठीण पण ठिसूळ होतें. मग पुन्हां मंद तापवून त्याचा ठिसूळपणा काढावा लागतो. या दुसऱ्या तापविण्यांत पोलादावर सुमारें २२० अंशांस फिकट पिवळा रंग येतो व सुमारें ३०० अंशांस निळा. घाव घालण्याच्या हत्यारास निळसर रंगापर्यंत नेलें तर तें चिवट होतें. ही दुसरी पायरी टाळलेला कोयता पहिल्याच सुक्या बाभळीवर दांते पाडून घेतो.

परीक्षा सोपी आहे. नवी बारीक कानस धारेवर हलकेंच फिरवावी. ती कांचेवरून घसरावी तशी घसरली तर पातें फार कठीण, ठिसूळ निघण्याचा संभव. लोण्यांत रुतावी तशी रुतली तर फार मऊ. किंचित् जोरानें धरूं लागली तर योग्य. नंतर मूठ कानाशीं धरून पातें बोटानें टिचकावें. सांधा सैल असेल तर खुळखुळ ऐकूं येते. अखंड म्हणून विकलेल्या पात्याची लोखंडी रेघ मुठीच्या शेवटापर्यंत जाते कीं अर्ध्यांतच संपते, हेंही पाहावें. पात्यास मागून सळई जोडलेली दिसली तर तें घाव घालण्याच्या कामास घेऊंच नये. जोडकामाच्या उष्णतेनें तेथलें पाणी उतरलेलें असतें.

खोक्यांतील पुष्कळ पातीं ‘स्टेनलेस’ असतात. हें न गंजणारें पोलाद १९१३ सालीं शेफील्ड येथें हॅरी ब्रेअर्ली यांनीं पुढें आणिलें. त्यांत शेंकडा साडेदहा भागांहून अधिक क्रोमियम असतें. स्वयंपाकघरांत तें सोयीचें आहे. परंतु त्यास पाणी देण्यास १००० अंशांच्या आसपास वा त्याहून अधिक नेमकी उष्णता लागते, आणि गांवच्या भट्टीवर तें पुन्हां नीट साधणें कठीण. जें हत्यार आपला लोहार दुरुस्त करूं शकत नाहीं, तें शेतांत परकें समजावें.

आतां कामाप्रमाणें निवड करूं. खुरपें व विळा हीं ओढून चालविण्याचीं हत्यारें. त्यांच्या सांध्यावर धक्का बसत नाहीं. त्यांस अखंड शेंपूट म्हणजे नाकापेक्षां मोतीं जड. परंतु बाभळीचें कुंपण तोडणें, बांबू छाटणें, आंब्याच्या वाळल्या फांद्या उतरविणें, अशा घावाच्या कामासाठीं अखंड पातें खरोखर उपयोगाचें आहे.

आमचा जन्म महसुलाच्या दप्तरांत गेला, तेव्हां हिशेब मांडल्यावांचून आम्हांस चैन पडत नाहीं. पुढील आंकडे उदाहरणादाखल समजावे; वाचकांनीं त्या जागीं आपल्या बाजारचे भाव घालावे. साधा कोयता ४०० रुपयांस घेतला, तो ४ वर्षें टिकला आणि मध्यंतरीं दोनदां ७५ रुपयांची मूठ बसविली, तर एकूण खर्च ५५० रुपये, म्हणजे वर्षास १३७ रुपये ५० पैसे. अखंड पातें १२०० रुपयांस घेतलें, तें १० वर्षें टिकलें आणि एकदां १५० रुपये देऊन फळ्या बदलल्या, तर एकूण १३५० रुपये, म्हणजे वर्षास १३५. दोहोंत वर्षाकांठीं अडीच रुपयांचा फरक. मात्र तेंच पातें पांचव्या वर्षाअखेर, फळ्या बदलण्यापूर्वींच, गवतांत हरवलें तर वर्षास २४० रुपये पडले. हत्यारें झिजून जातात त्याहून अधिक बांधावर विसरून आणि उसनीं देऊन जातात. म्हणून ज्यास हत्यारें मोजून आंत घेण्याची संवय नाहीं, त्यानें महाग पातें घेऊं नये. मुठीस तांबडा रंग द्यावा व संध्याकाळीं मोजणी करावी. एवढ्यानेंच पुष्कळ बचत होते.

अखंड पात्याची निगाही वेगळी आहे. लोखंड व फळी यांच्या फटींत पाणी मुरतें आणि आंतून गंज धरतो. तेव्हां त्या फटींत मेण भरावें, मुठीस जवसाचें तेल चोळावें, आणि पातें ओल्या म्यानांत ठेवूं नये. तेलानें भिजलेल्या चिंध्या गोळा करून टाकूं नयेत. त्या आपोआप पेट घेऊं शकतात. धार लावतांना विजेच्या चाकावर पातें तापून निळें पडूं देऊं नये. बेतानें दिलेलें पाणी तेथें क्षणांत उतरतें. निसण्यावर पाणी टाकून हळूहळू धार लावणेंच बरें.

शेवटीं एक गोष्ट जमीनदार वाचकांच्या मनांत भरविणें अवश्य वाटतें. कोयता विकत घेणारा एक आणि चालविणारा दुसरा, असें आपल्याकडे फार घरीं असतें. ऊसतोडीच्या मुलखांत नवराबायकोच्या जोडीसच ‘एक कोयता’ म्हणतात. माणसाची गणतीच जेथें हत्यारानें होते, तेथें हत्याराची परीक्षा किती बारकाईनें व्हावी! मालकाची बचत झाली तर ती दोन-चारशें रुपयांची. पण सांधा सुटला तर बोटें जातात तीं गड्याचीं, आणि त्या बोटांवर एका घराची चूल चालते. म्हणून आमचा निकाल असा: खुरपें व विळा लोहाराकडचे साधेच घ्यावे, घावाचा एक कोयता मात्र ऐपत असल्यास अखंड शेंपटाचा घ्यावा. ऐपत नसल्यास लोहारापाशीं बसून खांदा गोल करून घ्यावा आणि दर पावसाळ्यानंतर मूठ तपासावी. आणि कोणताही कोयता गड्याच्या हातीं देण्यापूर्वीं त्याचे दहा घाव आपण स्वतः सुक्या लांकडावर घालून पाहावे.