जुन्या मध्यम-फिल्म कॅमेऱ्यांची भिंगे आणि फ्लॅशबल्ब : समकालनाचा प्रश्न

१२० क्रमांकाच्या फिल्मवर चालणारे रोलायफ्लेक्स किंवा हॅसलब्लाड यांसारखे जुने कॅमेरे अनेक महाविद्यालयांच्या कपाटांत आजही आढळतात. त्यांच्यासोबत कधी न वापरलेल्या फ्लॅशबल्बांची एखादी पेटीही हाती लागते. असा बल्ब एकदाच उजळतो आणि त्याचे मोठ्या प्रमाणावरील उत्पादन केव्हाच थांबले आहे. त्यामुळे प्रत्येक चुकीगणिक साठा कायमचा घटतो. अशा पेटीतील पहिला बल्ब प्रस्तुत लेखकाने वाया घालवला. प्रकाश लख्ख पडला, निगेटिव्ह मात्र जवळजवळ कोरी निघाली. या फसगतीचे कारण भिंगावरील एका लहानशा खटक्यात होते.

फ्लॅशबल्ब १९२९-३० च्या सुमारास जर्मनीत प्रचारात आला. त्यापूर्वी मॅग्नेशियमची भुकटी उघड्यावर पेटवली जाई. बल्बात प्राणवायूने भरलेल्या काचेच्या फुग्यात ॲल्युमिनियमचा पातळ वर्ख अथवा तार असते. पुढे झिर्कोनियमही वापरले गेले. विजेचा प्रवाह मिळताच आतील धातू जळतो. ज्वलन असल्यामुळेच त्याला वेळ लागतो, हा येथील कळीचा मुद्दा होय. 'एम' वर्गातील बल्ब परमोच्च तेजास पोहोचण्यास सुमारे २० मिलिसेकंद घेतो. इलेक्ट्रॉनिक फ्लॅश मात्र संपर्क जुळताच चमकतो आणि सामान्यतः एक मिलिसेकंदाच्या आतबाहेर विझतो.

हॅसलब्लाड ५०० सी (१९५७) च्या 'सी' मालिकेतील भिंगांत सिंक्रो-कॉम्पूर हे पात्यांचे शटर बसवलेले असते. रोलायफ्लेक्सच्या अनेक प्रतिमानांतही तेच आहे. त्यावरील खटका 'एक्स' वर असता पाती पूर्ण उघडल्याक्षणी संपर्क जुळतो. 'एम' वर तो आधी जुळतो आणि चक्रांची एक छोटी साखळी पात्यांना सोळा-सतरा मिलिसेकंद रोखून धरते. पेटलेला बल्ब तेजाच्या शिखराकडे जात असतानाच शटर उघडते.

लेखकाचा खटका 'एक्स' वर होता व वेग १/२५० सेकंद, म्हणजे अवघे ४ मिलिसेकंद. बल्ब नीट पेट घेण्यापूर्वीच पाती मिटली होती. 'एक्स' वर बल्ब वापरायचाच असेल तर १/३० सेकंद किंवा त्याहून मंद वेग घ्यावा. 'एम' वर मात्र १/५०० पर्यंतचे सर्व वेग उपलब्ध होतात. उलटपक्षी इलेक्ट्रॉनिक फ्लॅश 'एम' वर लावल्यास शटर उघडण्याआधीच तो विझून गेलेला असतो, व चित्र हाती लागत नाही.

छिद्रमापन मार्गदर्शक अंकावरून करतात : अंकाला अंतराने भागले की एफ-क्रमांक मिळतो. अंक ४० व अंतर ५ मीटर असल्यास एफ/८. येथे एक बारकावा आहे. इलेक्ट्रॉनिक फ्लॅशचा अंक पात्यांच्या शटरवर वेगानुसार फारसा बदलत नाही. बल्बाचा प्रकाश शटरपेक्षा अधिक काळ टिकतो. म्हणून वेग वाढवताच त्याचा काही भाग कापला जातो व अंक घटतो. यासाठीच बल्बांच्या वेष्टनावर वेगवार तक्ता छापलेला असे. वेष्टन फेकून देणे म्हणजे निम्मी माहिती फेकणे! रंगीत दिवसप्रकाशी फिल्मसाठी निळ्या लेपाचा बल्ब घ्यावा. पारदर्शक बल्बाचा प्रकाश पिवळसर असतो.

खरी चिंता विलंब-साखळीची आहे. पन्नास-साठ वर्षांत तेल घट्ट होते आणि विलंबाचे गणित बिघडते. बल्ब न जाळता याची प्राथमिक चाचणी करता येते. रोलायफ्लेक्सचे मागील दार फिल्म न घालता उघडावे, छिद्र पूर्ण मोकळे ठेवावे, इलेक्ट्रॉनिक फ्लॅश जोडून तो समोरच्या पांढऱ्या कागदावर रोखावा व भिंगातून मागून पाहावे. 'एक्स' वर पूर्ण प्रकाशवर्तुळ दिसले पाहिजे, 'एम' वर अंधार. विलंब नेमका किती, हे मात्र यातून कळत नाही. त्यासाठी शटर-मापक यंत्रच हवे. 'व्ही' हा स्वयंचलित विलंबाचा खटका जुन्या शटरमध्ये वापरू नये, असे लेखकाचे स्पष्ट मत आहे. तो मध्येच अडकला तर सारे शटर उकलावे लागते.

काही बल्बांच्या आत निळा ठिपका असतो. तो गुलाबी झालेला दिसल्यास हवा आत शिरली आहे असे समजून बल्ब बाजूला ठेवावा, कारण असा बल्ब फुटू शकतो. बल्ब बसवताना तोंड बाजूला ठेवावे, आणि जळून गेलेला बल्ब निवल्याशिवाय उघड्या हाताने काढू नये.