दवाखान्यातील संगणकाचे आरोग्य : निदानपरिवर्जन हीच पहिली चिकित्सा

रुग्णाने वंध्यत्व, व्यसन, गुह्यरोग यांविषयी विश्वासाने सांगितलेली माहिती पूर्वी वैद्याच्या वहीत व स्मरणात राहत असे. आज ती संगणकात राहते. औषधी दुकानांची खरेदी-विक्री, मुदतीच्या नोंदी व जीएसटीची विवरणपत्रेही त्याच यंत्रात असतात. जव्हार-मोखाड्यासारख्या तालुक्यांत घरचा आणि व्यवसायाचा संगणक पुष्कळदा एकच असतो. दिवसा रुग्णनोंदी, रात्री मुलांचा अभ्यास व करमणूक. येथे माणसे एकमेकांस नावानिशी ओळखतात. एका रुग्णाची गोष्ट बाहेर पडली, तर वैद्यावरील साऱ्या गावाचा विश्वास ढळतो. म्हणून हा विषय केवळ संगणक दुरुस्त करणाऱ्यावर सोपवून चालणार नाही, असे आम्हांस वाटते.

हेतुविचार

आपण सरसकट ज्यास ‘व्हायरस’ म्हणतो, त्याचे प्रकार अनेक आहेत. एक नोंदींना कुलूप लावून खंडणी मागतो. त्यास रॅन्समवेअर म्हणतात. दुसरा कळफलकावर टंकलेले पासवर्ड चोरतो. तिसरा ब्राउझरमध्ये ठाण मांडून भलत्याच संकेतस्थळांवर नेतो.

आपल्या भागात त्यांच्या शिरकावाचे मार्ग प्रामुख्याने चार. पहिला पेनड्राइव्ह. झेरॉक्सच्या दुकानात छपाईसाठी नेलेला पेनड्राइव्ह तेथील संसर्ग घेऊन परततो. दुसरा मार्ग फुकटच्या ‘क्रॅक’ केलेल्या सॉफ्टवेअरचा. ते बसविताना अँटिव्हायरस बंद करण्यास सांगितले जाते. पहारेकऱ्यास झोपवून दार उघडण्यासारखेच ते आहे. तिसरा मार्ग ब्राउझरचा : खोट्या सूचना, अनोळखी एक्स्टेन्शन आणि ‘अलाऊ’चे विचार न करता दाबलेले बटण. चौथा मार्ग आळसाचा. नेटवर्क क्षीण, म्हणून विंडोजचे अद्ययावतीकरण आज-उद्या करीत महिनोन्‌महिने पुढे ढकलले जाते.

हा चौथा हेतू क्षुल्लक मानू नये. १२ मे २०१७ रोजी ‘वॉनाक्राय’ नावाचा रॅन्समवेअर जगभर पसरला. ब्रिटनच्या सरकारी आरोग्यसेवेतील रुग्णालयांना नियोजित तपासण्या व शस्त्रक्रिया रद्द कराव्या लागल्या. तो ज्या उणिवेतून शिरला, तिच्यावरील उपाय मायक्रोसॉफ्टने मार्चमध्येच, दोन महिने आधी, उपलब्ध करून दिला होता. त्याच वर्षी जूनअखेरीस ‘नॉटपेट्या’ने आपल्या रायगड जिल्ह्यातील जवाहरलाल नेहरू बंदराच्या एका टर्मिनलचे काम ठप्प केले. युक्रेनमधील हिशेबाच्या एका सॉफ्टवेअरमधून त्याचा प्रसार सुरू झाला होता.

२३ नोव्हेंबर २०२२ रोजी दिल्लीच्या ‘एम्स’वर असाच आघात झाला. नोंदणीपासून चाचण्यांच्या अहवालांपर्यंतचे काम कित्येक दिवस हाताने करावे लागले. तेथील ई-हॉस्पिटलच्या नोंदी परत मिळाल्या, त्या संसर्ग न झालेल्या बॅकअप सर्व्हरवरील प्रतीमुळे. आपणांस घ्यावयाचा बोध नेमका हाच आहे.

पूर्वरूपे

संगणक अकारण मंदावणे, ब्राउझरचे मुखपृष्ठ आपोआप बदलणे, कोपऱ्यात सतत जाहिराती उमटणे, अँटिव्हायरस आपोआप बंद पडणे, फाइलींची नावे बदलणे, ही लक्षणे दिसताच सावध व्हावे. ‘आपल्या संगणकात व्हायरस आहे, या क्रमांकावर फोन करा’ अशी सूचना पडद्यावर आली, तर फोन मुळीच करू नये. ती सूचना हाच सापळा होय.

पथ्ये

१. विंडोज व ब्राउझर आपोआप अद्ययावत होऊ द्यावेत. त्यासाठी नेटवर्क बरे असेल ती वेळ राखून ठेवावी. विंडोज १० चा सर्वसाधारण आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला आहे, हे ध्यानात घ्यावे.

२. रोजच्या कामासाठी साधे खाते वापरावे, अ‍ॅडमिनिस्ट्रेटरचे नव्हे. मुलांसाठी निराळे खाते उघडावे.

३. छपाईचा पेनड्राइव्ह वेगळा ठेवावा व प्रत्येक वेळी तपासूनच उघडावा.

४. बँक व जीएसटीचे पासवर्ड भिन्न असावेत. संकेतस्थळाचा पत्ता स्वतः टंकावा. संदेशातील दुव्यावरून जाऊ नये.

५. लग्नपत्रिका वा चलन म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवर आलेली ‘एपीके’ फाइल कदापि उघडू नये.

६. दर आठवड्यास सर्व नोंदींची प्रत बाह्य हार्ड डिस्कवर घ्यावी आणि डिस्क लगेच काढून कपाटात ठेवावी. जोडलेली राहिली, तर रॅन्समवेअर तिलाही कुलूप लावतो. दोन डिस्क आलटूनपालटून वापराव्यात आणि प्रत उघडते की नाही, हे अधूनमधून पाहावे.

उपचार

संसर्गाची शंका येताच प्रथम इंटरनेट तोडावे व जोडलेली उपकरणे काढावीत. पासवर्ड दुसऱ्या, निरोगी यंत्रावरून बदलावेत. बँकेतून रक्कम गेली असल्यास विनाविलंब बँकेस आणि १९३० या राष्ट्रीय साहाय्य क्रमांकास कळवावे. खंडणी देऊ नये. दिल्यानंतरही नोंदी परत मिळतील याची शाश्वती नसते. केंद्र शासनाच्या सायबर स्वच्छता केंद्राकडे संसर्ग काढण्याची साधने विनामूल्य मिळतात.

वैयक्तिक माहितीच्या रक्षणाचा कायदा २०२३ मध्ये संमत झाला असून त्याच्या तरतुदी टप्प्याटप्प्याने लागू होत आहेत. परंतु वैद्याचे दायित्व कायद्याहून जुने आहे. रुग्णाने सांगितलेले गुपित राखणे हा आपला आचारधर्म आहे. वही कुलपात ठेवणारे आपले पूर्वसूरी जो धर्म पाळत होते, तोच आज आठवड्याची एक प्रत काढून कपाटात ठेवण्यात आहे. प्रत्येक सभासदाने हे काम येत्या रविवारीच आरंभावे, अशी आमची विनंती आहे.