उजवा बोल्ट, डावा खांदा

एनसीसीच्या फायरिंग रेंजवर एखादा कॅडेट पॉइंट टू-टू रायफल हातात येताच दस्ता डाव्या खांद्याला लावतो. मागून लगेच आवाज येतो, ‘उजव्या खांद्याला लाव!’ पोरगा खांदा बदलतो, पाचही गोळ्या पांगतात आणि आपल्याला नेमबाजी जमणार नाही असं धरून तो कॅम्पवरून परततो. चूक त्याची नसते. बोल्ट अ‍ॅक्शन रायफल आणि डावखुरा नेमबाज यांच्याविषयी काही चुकीच्या समजुती रेंजवर वर्षानुवर्षं टिकून आहेत, त्यांचा हा परिणाम असतो.

आधी यंत्र समजून घेऊ. बोल्ट म्हणजे चेंबरचं दारच. हँडल उचलून मागे ओढलं की रिकामी पुंगळी बाहेर पडते, पुढे ढकललं की नवं काडतूस आत जातं, खाली दाबलं की कुलूप लागतं. १८९८ ची जर्मन माउझर, ब्रिटिशांची ली-एन्फिल्ड, रशियाची मोसिन-नागांत या सगळ्यांचं हँडल उजवीकडे आहे. उजव्या खांद्यावरून झाडणाऱ्या सैनिकाने चापावरचा उजवा हात उचलून बोल्ट चालवावा, हा त्यामागचा हिशेब.

म्हणून ही रायफल डाव्या खांद्यावरून नीट लागत नाही, असं सर्रास सांगितलं जातं. हे खरं नाही. गोळी कुठे जाईल ते नळी, काडतूस, साइट आणि चाप ओढणारं बोट ठरवतं. बोल्टचं हँडल कोणत्या बाजूला आहे, याचा गोळीच्या वाटेशी संबंध नाही. माणूस किंवा खांदा बदलला तर साइट थोडी जुळवून घ्यावी लागेल, एवढंच. काहीजण नळीतल्या पिळाचं कारण पुढे करतात. पण ली-एन्फिल्डच्या नळीतला पीळ डावा आहे आणि बोल्ट उजवा. ती उजव्या खांद्यावरून झाडताना सैनिकांच्या पिढ्या गेल्या, त्या पिळाने कुणाचं काही अडलं नाही.

सगळ्यात नुकसान करणारा गैरसमज वेगळाच आहे: लिहिण्याचा हात जो, खांदाही तोच. नेम डोळा धरतो. दोन्ही डोळ्यांपैकी एकाचं म्हणणं मेंदू जास्त मानतो, तो प्रबळ डोळा. डावखुरी माणसं साधारण दहात एक असतात, पण डावा डोळा प्रबळ असलेली साधारण तिनात एक. म्हणजे उजव्या हाताने लिहिणाऱ्या कितीतरी मुलामुलींचा डावा डोळा प्रबळ असतो आणि त्याची त्यांना कल्पनाही नसते. तपासायला अर्धं मिनिट पुरतं. दोन्ही हात लांब करून तळव्यांमध्ये छोटी फट ठेवा, दोन्ही डोळे उघडे ठेवून तिच्यातून लांबचा एखादा खांब बघा, मग एकेक डोळा मिटा. जो डोळा उघडा असताना खांब फटीतच राहतो, तो प्रबळ. दुसऱ्या डोळ्याला खांब दिसत नाही.

हात उजवा आणि डोळा डावा निघाला तर? मुरलेले नेमबाज त्या डोळ्यापुढे छोटी झापड लावून काम भागवतात आणि ते योग्यच आहे. पण ज्याने अजून एकही गोळी झाडलेली नाही, त्याला सरळ डाव्या खांद्यावर शिकवावं, असं माझं मत आहे. जुनी सवय मोडायची नसेल तर नवी लावणं सोपं जातं.

राहिला प्रश्न बोल्टचा. तो ‘चुकीच्या’ बाजूला असेल तर वेळ जातो, हे मान्य. पहिल्या महायुद्धाआधीच्या ब्रिटिश सैनिकाला ३०० यार्डांवर मिनिटाला पंधरा नेमके बार काढावे लागत. तिथे डावा हात रायफलवरून पलीकडे घालणं परवडणारं नव्हतं. बायथलॉनमध्येही सेकंद मोजतात, म्हणून तिथे डावी रायफलच हवी. पण २०२४ साली पॅरिसमध्ये कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने कांस्यपदक मिळवलं, त्या ५० मीटर थ्री पोझिशन प्रकारात घाईचं काम नसतं. तिथलं दहाचं वर्तुळ अवघ्या १०.४ मिलिमीटरचं असतं आणि ते गाठायला हात स्थिर लागतो.

नळी वाळूच्या पिशवीवर किंवा बायपॉडवर टेकलेली असेल, तर उजवा बोल्ट डावखुऱ्याच्या पथ्यावरच पडतो. डावा हात मुठीवर, बोट चापाजवळ, गाल दस्त्यावर, सगळं जागच्या जागी राहतं आणि मोकळा उजवा हात बोल्ट चालवतो. टेबलावरून बेंचरेस्ट खेळणारे काही उजवे नेमबाज याच कारणासाठी मुद्दाम डाव्या बोल्टची रायफल घेतात. स्लिंग लावून झोपून झाडताना मात्र हे जमत नाही. टेकूचा हात पट्ट्यात जखडलेला असतो, चापावरचाच हात वरून पलीकडे न्यावा लागतो आणि मध्ये दुर्बीण आली की ती आड येते.

आणि नुसता बोल्ट डावा केल्याने रायफल डावी होत नाही. सामन्याच्या रायफलची मूठ एका तळव्यासाठी कोरलेली असते, गालाची फळी एका गालासाठी. ती उलट्या हातात बसतच नाही. अशा वेळी पूर्ण डावी रायफलच घ्यावी. आन्शुट्झसारख्या कंपन्या ती बनवतात. जुन्या थ्री-नॉट-थ्रीचा साधा लाकडी दस्ता दोन्ही खांद्यांना चालतो.

डाव्या खांद्यावरून झाडणं धोक्याचं, ही भीती अर्धी खरी आहे. ब्रिटिश लष्कराची एल-८५ ही स्वयंचलित रायफल डाव्या खांद्यावरून झाडताच येत नाही, कारण पुंगळी थेट तोंडावर येते. बोल्ट अ‍ॅक्शनमध्ये आपण ओढल्याशिवाय पुंगळी हलत नाही. मात्र डावखुऱ्याचा चेहरा दस्त्याच्या उजवीकडे, म्हणजे पुंगळी निघण्याच्या खिडकीच्या बाजूला असतो. काडतूस फुटलं तर गरम वायू तिकडे येऊ शकतो. संरक्षक चष्मा सगळ्यांनीच घालावा, डावखुऱ्याने तर त्याशिवाय रेंजवर झोपूच नये.

रेंजवरच्या उस्तादांना आणि क्लबमधल्या प्रशिक्षकांना एक विनंती आहे. पहिल्या दिवशी मुलांच्या हातात रायफल देण्याआधी प्रत्येकाचा डोळा तपासा आणि नावापुढे खांदा लिहून ठेवा.