दोन ठिकाणी तेच उत्तर, म्हणजे दोन साक्षीदार नव्हेत

गेल्या वर्षीची गोष्ट. एक पालक शाळेत आले. मुलीच्या शिष्यवृत्तीचा अर्ज भरायचा होता. "सर, अजून पंधरा दिवस आहेत ना? मी गुगलवर बघितलं, मग बिंगवर पण बघितलं. दोन्हीकडे हीच तारीख आहे." आम्ही ऑफिसमधून परिपत्रक मागवलं. शेवटची तारीख दुसऱ्याच दिवशीची होती. संध्याकाळपर्यंत धावपळ करून अर्ज भरला गेला, म्हणून निभावलं.

त्या भल्या माणसाची चूक नव्हती. त्यांनी तर एकाऐवजी दोन ठिकाणी खात्री करून घेतली होती. मग दोन वेगवेगळ्या कंपन्यांची सर्च इंजिनं एकच चूक कशी करतात? नंतर आम्ही शोधून पाहिलं, तर दोन्हीकडे सगळ्यात वर आलेलं पान एकच होतं, आणि त्यावर आदल्या वर्षाची तारीख होती.

पेपर तपासणाऱ्या शिक्षकाला यात नवल वाटत नाही. दोन मुलांची बरोबर उत्तरं सारखी आली तर काहीच सिद्ध होत नाही. दोघांनी अभ्यास केला असेल. पण दोघांची चूक सारखी असेल, तोच सन चुकलेला, तीच वेलांटी चुकलेली, तर आम्ही पेन खाली ठेवतो आणि दोघांचे बैठक क्रमांक बघतो. याच युक्तीने एकदा गुगलने मायक्रोसॉफ्टच्या बिंगवर नक्कल केल्याचा आरोप केला होता. ते प्रकरण जुनं आहे, पण मोबाईलवर उत्तरं शोधणाऱ्या प्रत्येक घराने समजून घ्यावं असं आहे.

एका चुकीच्या स्पेलिंगपासून सुरुवात

बिंग २००९ साली सुरू झालं. पुढच्या वर्षी, म्हणजे २०१० च्या उन्हाळ्यात, गुगलच्या लोकांना एक विचित्र गोष्ट दिसली. डोळ्याच्या पापण्या अंशतः शिवून घेण्याच्या एका शस्त्रक्रियेला टार्सोराफी म्हणतात. कुणीतरी त्याचं स्पेलिंग चुकवून 'टोर्सोरोफी' असं शोधलं. गुगलने स्पेलिंग सुधारलं आणि बरोबर शब्दाची पानं दाखवली. बिंगकडे त्या चुकीच्या शब्दासाठी तेव्हा काहीच नव्हतं. पण थोड्या आठवड्यांनी बिंगवर तोच चुकीचा शब्द टाकला, तर गुगलचं पहिलं पान वर येऊ लागलं. आणि बिंगने स्पेलिंग मात्र सुधारलेलं नव्हतं!

बरोबर शब्द काय हे कळलेलं नसताना बरोबर पान सापडलं कसं? गणिताची एकही पायरी न मांडता कुणी थेट शेवटचं उत्तर लिहिलं, की वर्गात आम्हाला पडतो तोच हा प्रश्न.

गुगलने लावलेला सापळा

मग गुगलने खात्री करायचं ठरवलं. जगात कुणीच शोधणार नाही असे सुमारे १०० निरर्थक शब्द त्यांनी तयार केले. त्यातला एक होता 'एच-आय-वाय-बी-बी-पी-आर-क्यू-ए-जी', नुसती दहा अक्षरांची खिचडी. अशा प्रत्येक शब्दासाठी गुगलने स्वतःच्या यंत्रणेत हाताने एक असंबद्ध पान वर बसवलं. या दहा अक्षरांसमोर लॉस एंजेलिसमधल्या एका थिएटरच्या आसनव्यवस्थेचं पान ठेवलं. त्या शब्दाचा आणि त्या पानाचा काडीचाही संबंध नव्हता.

मग २० इंजिनियरांना नवे लॅपटॉप दिले. त्यात विंडोज, इंटरनेट एक्स्प्लोरर ८ आणि बिंगचा टूलबार घातलेला होता. १७ डिसेंबर २०१० पासून त्यांनी घरी बसून गुगलवर हे शब्द टाकायचे आणि वर आलेल्या पानावर क्लिक करायचं, एवढंच काम. दोन आठवड्यांच्या आत त्यातले काही शब्द बिंगवर टाकले, तर तीच असंबद्ध पानं वर येऊ लागली. १०० पैकी असे ७ ते ९ शब्द सापडले.

१ फेब्रुवारी २०११ रोजी ही बातमी बाहेर आली. गुगलतर्फे बोलणारे अमित सिंघल हे झाशीत जन्मलेले आणि रुडकीत शिकलेले इंजिनियर. बिंग आमचे निकाल वापरतं, असं त्यांनी जाहीरपणे लिहिलं.

मायक्रोसॉफ्टचं उत्तर

मायक्रोसॉफ्टने नक्कल केल्याचं साफ नाकारलं. बिंगचे तेव्हाचे प्रमुख अधिकारी हॅरी शुम यांचं म्हणणं साधारण असं होतं: कुठलं पान वर दाखवायचं हे ठरवताना आम्ही एक हजारांहून जास्त खुणा बघतो. ज्या लोकांनी परवानगी दिली आहे ते इंटरनेटवर कुठे क्लिक करतात, ही त्यातली फक्त एक खूण. गुगलने मुद्दाम असे शब्द निवडले, जिथे बाकीच्या खुणा अस्तित्वातच नव्हत्या. कंपनीच्या दुसऱ्या एका अधिकाऱ्याने तर उलट गुगलवरच खोटे क्लिक केल्याचा आरोप केला.

हे क्लिकचं गणित जरा सोपं करून सांगतो. आपण गुगलवर काही शोधतो तेव्हा वरच्या पट्टीतल्या पत्त्यात आपला शब्दही लिहिलेला असतो. टूलबारसारखी सोय चालू असेल आणि आपण परवानगी दिलेली असेल, तर तो पत्ता आणि पुढे आपण कुठल्या पानावर गेलो हे त्या कंपनीला कळतं. म्हणजे 'या शब्दासाठी माणूस या पानावर गेला' ही जोडी तयार होते. बिंगने गुगलच्या कपाटात हात घातला नव्हता. गुगलच्या दुकानातून बाहेर पडणाऱ्या गिऱ्हाइकाच्या पिशवीत काय आहे, ते दाराबाहेर उभं राहून पाहिलं होतं.

आता याला नक्कल म्हणायचं की निरीक्षण? दोन्ही बाजूंना थोडं थोडं खरं वाटतं. पिशवी गिऱ्हाइकाची, हे खरं. पण माल निवडून मांडला दुकानदाराने, हेही खरं. प्रकरण कोर्टात गेलं नाही, आरोप-प्रत्यारोप होऊन थंड झालं. आणि ज्याची पिशवी होती, त्या गिऱ्हाइकाला मात्र दोघांपैकी कुणीच विचारलं नाही.

आरोप करणाऱ्यावरही आरोप

पुढे गुगलवरही अशीच वेळ आली. गाण्यांचे शब्द देणाऱ्या जीनियस या अमेरिकन वेबसाइटने आपल्या मजकुरात दोन प्रकारची अपॉस्ट्रॉफी चिन्हं, एक सरळ आणि एक वळणदार, ठरावीक क्रमाने पेरली होती. तारेच्या कट्ट-कड भाषेत तो क्रम वाचला तर 'रंगेहाथ' या अर्थाचे शब्द तयार होत. जीनियसचं म्हणणं असं की तीच खूण गुगलच्या पानावर दिसणाऱ्या गाण्यांत सापडली. गुगलने सांगितलं की गाण्यांचे शब्द आम्ही परवानाधारक भागीदारांकडून घेतो. २०१९ मध्ये जीनियसने खटला भरला, तो खालच्या कोर्टापासून वरपर्यंत टिकला नाही, आणि २०२३ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने त्यात लक्ष घालायला नकार दिला. कारण गाण्यांचे हक्क मुळात जीनियसचे नव्हतेच. उतरवून घ्यायची मेहनत त्यांची, पण मालकी दुसऱ्याची.

आपल्याकडेही हा प्रश्न सर्वोच्च न्यायालयात आला आहे. ईस्टर्न बुक कंपनी विरुद्ध डी. बी. मोडक हा २००७ चा निकाल. न्यायालयांचे निकाल संपादित करून छापणाऱ्या प्रकाशकाची तक्रार होती की, दुसऱ्यांनी आमचा मजकूर संगणकाच्या सीडीवर घातला. कोर्टाने सांगितलं की निकालाचा मूळ मजकूर सगळ्यांचा आहे, त्यातल्या किरकोळ दुरुस्त्यांवर नुसत्या मेहनतीच्या जोरावर हक्क सांगता येत नाही. पण परिच्छेद पाडणं, त्यांना क्रमांक देणं, कुठला न्यायाधीश सहमत आणि कुठला असहमत हे दाखवणं, यात संपादकाची बुद्धी लागते, त्याला संरक्षण आहे. म्हणजे घाम गाळला एवढं पुरत नाही, अक्कलही दिसावी लागते.

आपल्या घराशी याचा संबंध काय?

गुगलचा सापळा यशस्वी झाला, कारण ते शब्द दुसरं कुणी शोधतच नव्हतं. लाखो लोक विचारतात अशा प्रश्नाला एक हजार खुणा मिळतात, एकाच्या चुकीने फरक पडत नाही. पण क्वचित विचारल्या जाणाऱ्या प्रश्नाला दोन-चार क्लिकही भारी पडतात.

आणि आपले बरेचसे प्रश्न असेच एकाकी असतात. रत्नागिरी जिल्ह्यातल्या एखाद्या छोट्या गावाचं नाव, उर्दू माध्यमाच्या मुलांसाठीची एखादी योजना, बाणकोटी बोलीतला एखादा शब्द, मराठीत विचारलेला एखाद्या औषधाचा प्रश्न. यावर इंटरनेटवर पानं मुळातच कमी. जे एक पान असेल तेच सगळीकडे वर येतं, आणि बाकीचे त्यावरूनच उतरवून घेतात. तिथे चूक असली तर तीच चूक दहा ठिकाणी दिसते आणि माणसाला वाटतं, दहा जण सांगतायत म्हणजे खरंच असणार.

त्यात आणखी एक भर. बरीच सर्च इंजिनं नावाने वेगळी असली तरी निकाल दुसऱ्याकडून घेतात. डकडकगोच्या नेहमीच्या लिंक मोठ्या प्रमाणात बिंगकडून येतात, स्टार्टपेज गुगलचे निकाल दाखवतं. हे करार करून, उघडपणे चालतं, त्यात लबाडी नाही. पण आपण 'दुसरीकडे तपासलं' म्हणतो तेव्हा ते दुसरं खरंच दुसरं असतं का? एकाच माणसाकडून ऐकलेले दोघे साक्षीला उभे राहिले, तर ती साक्ष एकाचीच. हल्ली एआय सरळ वाक्यात उत्तर लिहून देतं, तेव्हा तर मूळ पान कुठलं ते बघायचंच राहून जातं.

मग करायचं काय?

नक्कल हा शब्द आपल्याला दोन्ही भाषांतून माहीत आहे. उर्दूत नक़्ल म्हणजे नुसती कॉपी नव्हे, एका जागेवरून दुसऱ्या जागी नेणं, जसंच्या तसं पोहोचवणं. आणि मराठीत आपण सातबाराची नक्कल काढतो. त्या नकलेला कुणी वाईट म्हणत नाही. कारण तिच्यावर सही असते, शिक्का असतो, तारीख असते. कुठून उतरवलं आणि कधी उतरवलं, हे ती स्वतःच सांगते. वर्गातली नक्कल ते लपवते, म्हणून ती चोरी.

मोबाईलवरच्या उत्तरालाही हीच कसोटी लावावी. उत्तर कुठल्या पानावरून आलं आणि त्यावर तारीख कुठली, हे आधी बघा. दोन ठिकाणी तपासलंत तर दोन्हीकडचं मूळ पान वेगळं आहे का, तेही बघा. पैशाचा, औषधाचा किंवा अर्जाच्या तारखेचा मामला असेल तर मूळ कागदापर्यंत जा: सरकारी परिपत्रक, शाळेचं ऑफिस, डॉक्टर. ब्राउझरमध्ये काही नवीन घालताना 'मान्य आहे' दाबण्याआधी तो आपली कुठली माहिती कुणाला पाठवणार, हे वाचा. आणि घरातली मुलं प्रोजेक्टसाठी इंटरनेटवरून घेतील तर घेऊ द्या, पण खाली कुठून घेतलं ते लिहायला सांगा. ती एक ओळ लिहिली की तीच नक्कल अभ्यास होते.

त्या पालकांची मुलगी आता पुढच्या वर्गात गेली आहे. या वर्षी शिष्यवृत्तीची तारीख विचारायला ती स्वतःच आमच्याकडे आली. मोबाईल हातात होता, तारीखही शोधलेली होती. म्हणाली, "सर, हे पान कुठल्या वर्षीचं ते लिहिलेलं नाही. परिपत्रक बघू का?"