अमेरिकेत केबिन वाढली, आचऱ्यात हौदा

मालवण तालुक्यातील आचरा गावात दर तीन-चार वर्षांनी ग्रामदैवत श्री रामेश्वराचा कौल होतो आणि सारा गाव तीन दिवस, तीन रात्री वेशीबाहेर जाऊन राहतो. गावपळण या नावाने ही प्रथा सर्वत्र परिचित आहे. घरात माणूस राहत नाही, गोठ्यात गुरे राहत नाहीत, खुराड्यात कोंबडीदेखील मागे ठेवली जात नाही. वेशीपलीकडे माळरानावर आणि शेतांत झोपड्या उभ्या राहतात व तेथेच चुली पेटतात. एके काळी या स्थलांतरासाठी बैलगाड्या जुंपल्या जात. आता त्यांची जागा रिक्षा, टेम्पो आणि पिकअप यांनी घेतली आहे. तांदळाचे पोते, अंथरुणे, पाण्याची पिंपे, भांडीकुंडी आणि सर्वांत वर बांधलेली कोंबड्यांची टोपली असा संसार हौद्यात रचला जातो, मागचा फाळका लागतो आणि गाडी निघते. एका घरचे सामान उतरवून ती दुसऱ्या घरासाठी परत येते.

गावपळण तीन दिवसांची. पण हा हौदा वर्षभर रिकामा राहत नाही. हापूसच्या पेट्या, बर्फात घातलेला बांगडा, जांभ्याचे चिरे, सिमेंट, लग्नमंडपाचे सामान आणि भाद्रपदात गणेशमूर्ती हे सारे त्यातूनच जाते. पुढे केबिन आणि मागे उघडा हौदा, अशी ही साधी रचना मूळची अमेरिकेची. मात्र तेथे तिचे जे झाले, त्याच्या नेमके उलट कोकणात घडले.

फोर्ड कंपनीने १९२५ मध्ये आपल्या ‘मॉडेल टी’ या मोटारीला कारखान्यातच मागे पोलादी हौदा जोडून ती विक्रीस आणली. तोवर अमेरिकन शेतकरी मोटारीचा मागचा भाग कापून सुताराकडून लाकडी पेटी बसवून घेत. दुसऱ्या महायुद्धानंतर, १९४८ च्या मॉडेलवर्षासाठी, कंपनीने केवळ मालवाहतुकीचा विचार करून ‘एफ’ मालिका सुरू केली. तिच्यातील ‘एफ-१’ अर्ध्या टनाच्या वर्गातील होती. १९५३ मध्ये तिची ‘एफ-१००’ झाली आणि १९७५ मध्ये ‘एफ-१५०’ अवतरली. ‘एफ’ मालिका १९७७ पासून अमेरिकेत सर्वाधिक खपणारा ट्रक ठरली आहे. गाडीची किंमत वाढली, ताकद वाढली; पण खरा बदल झाला तो मापांत. १९७४ मध्ये सीटमागे जागा असलेली लांब केबिन आली, पुढे चार पूर्ण दारांची केबिन आली आणि हौदा आखडत गेला. पूर्वी आठ फुटी हौदा नवलाचा नव्हता. आज चार दारांच्या ‘एफ-१५०’ला बहुधा साडेपाच फुटांचा हौदा असतो. आत चामड्याची आसने, वातानुकूलन, मोठा पडदा. शेतावरचे अवजार कुटुंबाची आलिशान मोटार झाले. अनेक मालकांच्या हौद्यात आठवड्याच्या किराण्याखेरीज काही पडत नाही, अशी टीका तेथेही होते आणि ती फारशी अनाठायी नाही.

या गाड्यांना बाहेरची स्पर्धा फारशी झाली नाही, यामागे एक गमतीदार कारण आहे. युरोपीय देशांनी अमेरिकन कोंबड्यांवर जबर आयातशुल्क लावले, त्याला प्रत्युत्तर म्हणून अमेरिकेने १९६४ पासून परदेशी हलक्या ट्रकवर २५ टक्के कर बसविला. ‘चिकन टॅक्स’ हे त्याचे प्रचलित नाव. कोंबड्यांचे भांडण मिटून गेले. ट्रकवरचा कर मात्र टिकला.

महाराष्ट्रात छोट्या मालवाहू गाडीचा इतिहास एका शब्दापासून सुरू होतो. तो शब्द म्हणजे टेम्पो. हे मुळात हॅम्बुर्गच्या एका जर्मन कंपनीच्या गाड्यांचे नाव. १९५८ मध्ये नवलमल फिरोदिया यांनी या कंपनीच्या सहकार्याने बजाज टेम्पोची स्थापना केली आणि ‘हॅन्सीट’ ही तीन चाकी गाडी रस्त्यावर आली. पुढे आकुर्डीत मोठा कारखाना उभा राहिला, मॅटाडोर आली. जर्मनीत ते नाव केव्हाच मागे पडले आणि पुण्याच्या कंपनीनेही २००५ मध्ये ‘फोर्स मोटर्स’ हे नाव घेतले. मराठीत मात्र कोणत्याही कंपनीची छोटी मालगाडी ही टेम्पोच राहिली. आचऱ्यातही भाडे ठरविताना गाडीचा कारखाना कोणी विचारत नाही. ‘टेम्पो मिळेल का’ एवढाच प्रश्न असतो.

दुसरी शाखा जीपची. महिंद्र अँड महिंद्र कंपनीने स्वातंत्र्यानंतरच्या पहिल्या काही वर्षांतच मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. लाल मातीच्या, चढउतारांच्या कोकणी रस्त्यांना ही गाडी मानवली. जीपच्या मागे ट्रॉली जोडणे किंवा मागची आसने काढून माल भरणे हे तर ओघाने आलेच. टाटांनी १९८८ मध्ये पुण्यात ‘टाटामोबाइल २०६’ तयार केली. पिकअप म्हणावी अशी ती देशी बनावटीची पहिली महत्त्वाची गाडी. तिच्याच सांगाड्यावर १९९१ मध्ये सिएरा ही मोटार उभी राहिली, म्हणजे अमेरिकेसारखाच मालगाडीकडून मोटारीकडे प्रवास झाला. महिंद्रने वाट उलटी धरली. २००० मध्ये आलेली बोलेरो ही माणसांची गाडी. पण खेड्यापाड्यांत तिचे बळकट नाक आणि त्यामागे भला मोठा हौदा असलेली पिकअपच अधिक दिसू लागली.

मे २००५ मध्ये टाटा एस बाजारात आली तेव्हा चित्र आणखी बदलले. दोन सिलिंडरांचे ७०२ सीसीचे डिझेल इंजिन, जेमतेम सोळा अश्वशक्ती, पाऊण टन भार आणि सव्वादोन लाखांच्या आसपास किंमत. तीनचाकी घेणाऱ्याला चार चाके परवडावीत, हा त्यामागील हिशेब होता. लोकांनी तिला ‘छोटा हाथी’ म्हटले. गल्लीबोळांत आणि वाडीपर्यंत माल पोचविण्यात तिची बरोबरी अवघड. पण फोंडा घाट चढायचा किंवा रातोरात वाशी गाठायची, तर मोठा हौदा आणि अधिक ताकद हवी. तेथे पिकअपचा वर्ग वाढत गेला. एक टनाच्या आसपास असलेली क्षमता दीड टनावर गेली. एप्रिल २०२३ मध्ये आलेल्या बोलेरो मॅक्स पिकअपच्या सर्वांत मोठ्या प्रकारात ती दोन टनांवर पोचली आणि हौद्याची लांबी ३,०५० मिलिमीटर, म्हणजे दहा फूट झाली. केबिन मात्र चालक आणि शेजारी एक-दोघे एवढीच राहिली. अमेरिकन गाडीत माणसांसाठी जागा वाढली. येथे ती मालासाठी वाढली.

या वाढलेल्या हौद्याचा अर्थ आंब्याच्या बागेत उभे राहिल्यावर कळतो. हापूसची पाच डझनी पेटी खोक्यासह वीस किलोच्या आसपास धरली, तर नऊ टनी ट्रक भरण्यास साडेचारशे पेट्या लागतात. एवढा माल एका दिवशी काढणारे बागायतदार थोडे. त्यामुळे लहान बागायतदाराला आपल्या तीस-चाळीस पेट्या वाहतूकदाराच्या हवाली करून ट्रक भरण्याची वाट पाहावी लागे. झाडावरून झेल्याने उतरविलेला आंबा वाट पाहत नाही. उशीर झाला, की वाशीच्या घाऊक बाजारातील सकाळचा लिलाव हुकतो आणि फळ एक दिवसाने अधिक पिकते. दीड टनी पिकअपला मात्र अशा पंचाहत्तर पेट्या पुरतात. दोन-तीन शेजाऱ्यांनी मिळून गाडी केली, तर दुपारी काढलेला आंबा संध्याकाळी कणकवलीमार्गे महामार्गाला लागतो आणि सुमारे साडेचारशे किलोमीटरचा प्रवास करून पहाटे बाजारात उतरतो. रायगड जिल्ह्यात वर्षानुवर्षे रेंगाळलेल्या चौपदरीकरणाने किती पहाटा खाल्ल्या, हा भाग वेगळा.

हिशेबाची दुसरी बाजूही आहे. पेटीमागे पडणारे भाडे मोठ्या ट्रकमध्ये कमी आणि पिकअपमध्ये जास्त असते. बागायतदार हे जास्तीचे पैसे वेळेसाठी मोजतो. २०२० च्या टाळेबंदीत या वेळेची किंमत सर्वांनाच कळली. मार्चअखेर ऐन हंगामात बाजारपेठा विस्कळीत झाल्या, तेव्हा कोकणातील अनेक बागायतदारांनी परवाने मिळवून मुंबई-पुण्याच्या गृहनिर्माण सोसायट्यांच्या दाराशी थेट आंबा पोचविला. सोसायटीच्या फाटकातून ट्रक आत जाणे कठीण. पिकअप सहज गेली. दलाल वगळून ग्राहक गाठण्याची चर्चा त्याआधी कैक वर्षे परिसंवादांत होत होती. ती त्या दोन महिन्यांत रस्त्यावर उतरली.

मासळीचे गणित अधिक निर्दय आहे. आचऱ्याच्या खाडीमुखाशी आणि पिरावाडीच्या किनाऱ्यावर मासळी उतरली, की घड्याळ सुरू होते. बर्फ, क्रेट, ताडपत्री आणि लगेच रस्ता. गोवा, कोल्हापूर, बेळगाव हे सारे काही तासांच्या अंतरावर. पिकअप नसती, तर किनाऱ्यावरच्या व्यापाऱ्याने सांगितलेला दर निमूट घ्यावा लागला असता. तथापि केवळ गाडी असून भागत नाही, हे २०१८ मध्ये दिसले. मासळीत फॉर्मेलिन मिसळले जात असल्याच्या संशयावरून गोव्यात खळबळ उडाली आणि तेथील सरकारने बाहेरून येणाऱ्या मासळीसाठी अन्न व औषध प्रशासनाकडील नोंदणी व इन्सुलेटेड वाहन अशा अटी घातल्या. ग्राहकाच्या आरोग्याच्या दृष्टीने त्या गैर म्हणता येणार नाहीत. पण उघड्या हौद्यात बर्फ टाकून मासळी नेणाऱ्या सिंधुदुर्गातील छोट्या विक्रेत्यांना त्या एका रात्रीत सीमेबाहेर ठेवणाऱ्या ठरल्या. जिल्ह्यात त्यावर तीव्र प्रतिक्रिया उमटली. मोठ्या व्यापाऱ्याकडे बंदिस्त गाडी होतीच. हप्ते फेडत असलेल्या पिकअपवाल्यापुढे मात्र हौदा उतरवून बंद पेटी बसवायची, की गोव्याची बाजारपेठ सोडायची, असा प्रश्न उभा राहिला. बंद पेटी बसविली, तर त्याच गाडीतून चिरे आणि मंडपाचे बांबू नेता येत नाहीत. उघडा हौदा हेच त्याचे भांडवल होते.

मासळीचे पाणी गाडीही खाते. मीठ मिसळलेले बर्फाचे पाणी हौद्याच्या सांध्यांत झिरपते, तेथून चासीवर उतरते आणि गंज धरतो. त्यामुळे जुनी पिकअप घेणारा जाणकार आधी इंजिनाचा आवाज ऐकत नाही. खाली वाकून हौद्याचा तळ पाहतो. गाडीवर मासळी भरली जात होती असे कळले, की किंमत उतरते.

कायद्याच्या नजरेत पिकअप ही कायम सीमेवरची गाडी राहिली आहे. मोटार चालविण्याचा परवाना असलेल्याने ती चालवावी, की मालवाहू वाहनाची वेगळी नोंद लागते, यावर अपघातानंतरच्या विमादाव्यांत वर्षानुवर्षे वाद होत असत. सर्वोच्च न्यायालयाने २०१७ मध्ये साडेसात हजार किलोंपर्यंतच्या वाहनाला हलक्या मोटारीचा परवाना पुरेसा आहे, असा निर्वाळा दिला आणि ६ नोव्हेंबर २०२४ रोजी पाच न्यायमूर्तींच्या घटनापीठाने तो कायम केला. पिकअप चालकांचा एक मोठा घोर त्यामुळे मिटला.

हौद्यात बसणाऱ्या माणसांचा प्रश्न मात्र मिटलेला नाही. लग्नाचे वऱ्हाड, जत्रेला निघालेली मंडळी, बागेत जाणारे मजूर हे हौद्यात उभे राहून जाताना कोकणात आजही दिसतात. मालवाहू गाडीतून अशा प्रकारे फुकट प्रवास करणाऱ्यांची भरपाई विमा कंपनीवर बंधनकारक नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २००२ मध्येच स्पष्ट केले आहे. म्हणजे गाडी उलटली तर भरपाईचा बोजा मालकावर पडू शकतो आणि त्याच्याकडे तर ती गाडीच तेवढी असते, तीही बहुधा कर्जाची. एसटीची शेवटची फेरी निघून गेल्यावर वाडीत परतायचे कसे, या प्रश्नाचे उत्तर जोवर हौदाच देतो, तोवर नुसत्या दंडाच्या पावत्यांनी हे थांबणे कठीण दिसते.

भारतीय पिकअपने अमेरिकेचे दारही ठोठावून पाहिले. तेथे विकण्यासाठी महिंद्रने तयार केलेल्या डिझेल पिकअपला २०१० मध्ये प्रदूषणविषयक मान्यता मिळाली. पण त्याच वर्षी अमेरिकन वितरकाशी असलेला करार मोडला, प्रकरण लवादापुढे गेले आणि गाडी तेथे विकली गेलीच नाही. दक्षिण आफ्रिकेत मात्र तिने जम बसविला. १५ ऑगस्ट २०२३ रोजी केपटाऊनमध्ये कंपनीने स्कॉर्पिओ-एनवर आधारित नव्या पिकअपचा नमुना सादर केला. चार दारे, रुबाबदार नाक आणि आखूड हौदा. चेहरामोहरा पाहता ती आचऱ्यातील बोलेरोपेक्षा ‘एफ-१५०’च्या अधिक जवळची वाटते.

आचऱ्यात १ जूनला यांत्रिक मासेमारी बंद होते, तोवर आंबाही संपत आलेला असतो. जुलैअखेरपर्यंत गाडीला भाडे तुरळक. बँकेचा हप्ता मात्र दर महिन्याला ठरलेल्या तारखेला. एप्रिल २०२० पासून बीएस-६ मानकांची इंजिने आल्याने दुरुस्तीही पूर्वीसारखी पान्यावर होत नाही, त्यासाठी संगणकीय स्कॅनर लागतो. हौद्याचे काम तेवढे अजून वेल्डरच्या हातचे आहे. पावसाची उघडीप पाहून गाडी त्याच्या दारात लागते, गंजलेला पत्रा कापून नवा बसवला जातो, कमानपाटे तपासले जातात, चासीवर काळ्या रंगाचा हात फिरतो. गणपतीच्या आधी गाडी तयार हवी असते. पहिले भाडे मूर्तिकाराच्या शाळेतून असते.